घर मांडून देण्याचे किती घेता?

रामदासपेठेत विकायला निघालेलं जुनं घर बहुतेकदा सामानानं भरलेलं असतं आणि माणसांवाचून ओस असतं. बंगले पाडून उभ्या राहिलेल्या तीन-चार मजल्यांच्या फ्लॅट स्कीम, मोठ्या खोल्या, मोझॅकची फरशी, भिंतीत बसवलेले शोकेस, खिडकीबाहेर कूलरचा लोखंडी स्टँड आणि त्याखाली भिंतीवर उतरलेले गंजाचे ओघळ. मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा अमेरिकेत. आईवडील त्यांच्याकडे गेलेले, नाहीतर दोघांपैकी एकच मागे राहिलेलं. असं घर पाहायला येणाऱ्यांसाठी तयार करायचं, नको ते काढायचं, हवं ते आणून मांडायचं, उजेडाची सोय करायची, फोटो काढायचे आणि व्यवहार झाला की आपलं सामान उचलून न्यायचं, हे माझं काम. याला होम स्टेजिंग म्हणतात. 1972 साली अमेरिकेतल्या सिएटल भागात बार्ब श्वार्झ या बाईंनी ते सुरू केलं असं मानतात, आणि तिकडे तो आता रीतसर व्यवसाय आहे. आपल्याकडे बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण राहतं, जुनं घर विकताना त्यासाठी कुणाला पैसे देऊन बोलवायचं, ही गोष्ट मी सुरुवात केली तेव्हा नागपुरात फारशी कुणाच्या कानावर नव्हती. मेट्रो सुरू झाली त्या 2019 सालाच्या आसपासची ही गोष्ट. काम हाताला लवकर बसलं. दर सांगणं मात्र पुष्कळ दिवस जमत नव्हतं.

अडचण अशी होती की विचारायला कुणीच नव्हतं. रंगारी चौरस फुटावर बोलतो, मंडपवाला दिवसावर, कॅटरर प्लेटवर आणि प्रॉपर्टी एजंट टक्क्यावर. मला जो भेटे तो या चौघांपैकी एकाच्या मापात बसवायला पाही. पहिल्या घराचा दर मी रंगाऱ्याच्या रीतीनं काढला, कारण फुटाचा हिशेब लोकांना पटकन समजतो. ते घर सेंट्रल बाजार रोडच्या आतल्या गल्लीतलं, एका निवृत्त डॉक्टर दांपत्याचं. आणून मांडायला तिथं फार काही लागलं नाही. लागलं ते काढायला. औषध कंपन्यांच्या भेटवस्तू, वर्षानुवर्षांची जर्नल्स, पितळेची भांडी, दोन गोदरेजची कपाटं, मुलांच्या शाळेतल्या ढाली. प्रत्येक वस्तूपाशी काकू थांबत. ती कुणी दिली, कधी आणली, हे सांगून झाल्याशिवाय ती खोक्यात जात नसे, आणि जाऊ नये असंच मलाही वाटे. त्या घरातला बहुतेक वेळ ऐकण्यात गेला.

लगेच पुढचं काम लेंड्रा पार्कच्या बाजूला मिळालं. क्षेत्रफळ जवळपास तेवढंच, पण फ्लॅट पूर्ण मोकळा. तिथं ऐकायला कुणी नव्हतं, सगळं सामान मात्र माझं न्यावं लागलं. फुटाच्या मापानं ही दोन घरं सारखी होती आणि कामाच्या मापानं त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. त्यानंतर मी फुटाचा दर कुणाला सांगितला नाही. भरलेल्या घरात मी माझा आणि माझ्या माणसांचा वेळ विकते, मोकळ्या घरात सामानाचा वापर विकते. हे दोन आकडे वेगळे लिहायला लागले तेव्हा कुठे माझ्या कागदाला दरपत्रकाचं रूप आलं.

सामानाचा हिशेब मी वहीत मांडला आणि तो अजून तसाच आहे. 30 हजारांचा सोफा साधारण दहा घरं फिरतो. मग त्याचे कोपरे मळतात, पाय हलायला लागतात आणि फोटोत ते दिसतं. म्हणजे एका घरावर त्याचे 3 हजार. पण सोफा गोदामात उभा असतो तेव्हाही गोदामाचा किराया चालू असतो, म्हणून तोही त्यात धरायचा. टेम्पो दोन वेळा, कारण नेलेलं परत आणायचं असतं. हे दुसऱ्या फेरीचं भाडं घरमालकाच्या लक्षात येत नाही, म्हणून ते वेगळ्या ओळीत लिहावं. हमालांची मजुरी मजल्यावर. जुन्या स्कीममध्ये लिफ्ट नसते किंवा असली तरी तिच्यात पलंग जात नाही. लकडगंजातून प्लाय आणून मी सुट्टे होणारे हलके पलंग करून घेतले, ते याच कारणानं. आणि मे महिना वेगळाच धरावा लागतो. 2013 च्या मे महिन्यात नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. इतका नाही, तरी 45 दरवर्षीचेच. सकाळी अकरानंतर संध्याकाळी पाचपर्यंत मी माणसांना जिना चढायला लावत नाही. एका दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं, मजुरी दोन दिवसांची द्यावी लागते, आणि लग्नसराईमुळे ‘छोटा हत्ती’ टेम्पोवाल्यांचे दरही चढलेले असतात. उन्हाळ्याचा दर वेगळा का, असं विचारलं की मी हेच सांगते. नागपूरकराला ऊन समजावून सांगावं लागत नाही. या एका वाढीवर माझ्याशी कुणी फार वेळ घासाघीस केल्याचं आठवत नाही.

सुरुवातीला घर पाहून सल्ला देणं फुकट होतं. तेही कामच आहे हे मला एका काकूंनी दाखवलं. त्यांना वरचा मजला किरायानं द्यायचा होता. मी दोन-एक तास सगळं पाहिलं आणि एका कागदावर लिहून दिलं: कूलरचा स्टँड काढून भिंत खरवडून घ्या, जाड पडदे उतरवा, स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट बदला, बैठकीतला दिवाण आत न्या म्हणजे दारातून गच्चीपर्यंत नजर जाईल. पुढचं काम त्यांनी मला दिलंच नाही. ओळखीचा माणूस लावून स्वतः करून घेतलं. घर लागलं, आणि काही दिवसांनी काकू पाकीट घेऊन आल्या. मी नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर पाच मिनिटं पाहतो, तर आपण त्याची फी देतो की नाही? तू तर दोन तास पाहिलं बेटा.’’ दर दुसऱ्या इमारतीवर डॉक्टरची पाटी असलेल्या वस्तीत हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं. त्या दिवसापासून मी पाहणीचे पैसे घेते. 2 हजारांपासून सुरू केले आणि पुढचं काम मला मिळालं तर त्यातून वजा करते. एक गोष्ट लगेच जाणवली. फी सांगितल्यावर जे बोलवत, ते माझं ऐकून घेत. फुकट बोलावणारे ऐकत नसत, ते फक्त माझं मत त्यांच्या मताशी जुळतं का हे पाहत.

लोकांची पहिली शंका साधी आणि योग्य असते. ‘‘घर तर आमचं चांगलंच आहे जी, सोफा बदलला म्हणून कोणी जास्त पैसे देऊन राहिलं का?’’ एका काकांनी हे अगदी मनापासून विचारलं होतं. जास्त पैसे मिळतील असं वचन मी कधी दिलं नाही, कारण ते माझ्या हातात नाही. मी त्यांच्यासमोर दुसरा हिशेब मांडला. समजा, घराची किंमत 80 लाख. तेवढी रक्कम बँकेत 7 टक्क्यांनी असती तर वर्षाला 5 लाख 60 हजार व्याज, म्हणजे महिन्याला साडेसेहेचाळीस हजारांहून जास्त. त्यात सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, विजेचं किमान बिल. घर बंद ठेवण्याला दर महिन्याला इतकं लागतं, फक्त ते खिशातून जाताना दिसत नाही. रामदासपेठेतलं जुनं घर पाहणारा माणूस त्याच रविवारी बेसा-बेलतरोडीकडचा नवा कोरा सॅम्पल फ्लॅटही पाहून आलेला असतो. जागा त्याला इथलीच हवी असते, दवाखाने जवळ, सीताबर्डी जवळ. पण अंधाऱ्या बैठकीत उभं राहून आपण इथं कसे राहू हे त्याला दिसत नाही, आणि तो ‘विचार करून सांगतो’ म्हणून जातो. माझं काम त्याला ते दिसेल एवढंच. घर लवकर गेलं तर एका महिन्याचं व्याजही माझ्या बिलापेक्षा जास्त असतं. काका बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, ‘‘आणि नाही गेलं लवकर तर?’’ तर माझे पैसे तरीही द्यावे लागतील, असं मी सांगितलं. हे वाक्य उच्चारणं मला त्या काळात जड जाई. आता मी ते आधीच सांगते.

ते आधी का सांगायचं, हे मला दोन अनुभवांनी शिकवलं.

नवीन माणसाला सगळ्यात गोड वाटणारा प्रस्ताव टक्क्याचा असतो. ‘घर विकलं की एक टक्का तुम्हाला, तोवर काही मागू नका.’ 80 लाखांवर एक टक्का म्हणजे 80 हजार. माझ्या बिलापेक्षा कितीतरी जास्त. शिवाय घरमालकाला विश्वास वाटतो की हिचं नशीबही आपल्यासारखंच या घराला बांधलेलं आहे. असं एक काम मी घेतलं होतं. घर सुंदर झालं. पाहायला माणसं आली, एका कुटुंबाला ते आवडलं, इसार देण्यापर्यंत गोष्ट आली. मग खरेदीदाराच्या वकिलानं कागद मागितले. जमीन नझूलच्या, म्हणजे सरकारी, लीजवरची. नागपुरात नझूलच्या आणि सुधार प्रन्यासच्या लीजवरच्या जमिनी पुष्कळ आहेत. आखीव पत्रिकेत जुन्या मालकाचंच नाव, लीजचं नूतनीकरण राहिलेलं, आणि वारसांपैकी एकाची सही परदेशातून यायची होती. यात कुणाची लबाडी नव्हती. वडील गेल्यावर घरात कुणी कागदांकडे पाहिलंच नव्हतं. खरेदीदार थांबला, मग कंटाळला, मग दुसरीकडे गेला. कागद पुरे व्हायला फार काळ लागला. माझा सोफा त्या घरात किती दिवस राहिला असता कोण जाणे. शेवटी आपसात बोलून मी सामान उचललं.

त्याच्या उलट अनुभव 2020 चा. लॉकडाउनमध्ये सगळं बंद, आणि मग सरकारनं 1 सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत मुद्रांक शुल्कात 3 टक्क्यांची सूट दिली, पुढे मार्च 2021 पर्यंत 2 टक्क्यांची. 31 डिसेंबरच्या आत रजिस्ट्री हवी म्हणून सगळ्यांची एकच घाई. मला एकदम इतकी कामं आली की सामान पुरेना. घरं भराभर गेली. मी मांडलेली गेली आणि न मांडलेलीही गेली. शेजारच्याच स्कीममधला एक फ्लॅट भिंतीचे पोपडे आणि बंद पडलेल्या नळांसकट आठवड्याभरात विकला गेला. हे पाहून मी काही दिवस फार अस्वस्थ होते, कारण मग माझ्या कामाचं मोल काय, हा प्रश्न समोर होता. त्या महिन्यांत टक्क्यावर काम केलं असतं तर सरकारच्या सवलतीचे पैसे मी माझ्या कसबाचे म्हणून घेतले असते. आणि नझूलच्या घरात माझं काम चोख होऊनही हातात काही आलं नव्हतं. दोन्हीकडे टक्का माझ्या कामाला मोजतच नव्हता. तो बाजाराला मोजत होता, कागदांना मोजत होता, परदेशातल्या सहीला मोजत होता. एजंटचं ठीक आहे. गिऱ्हाईक शोधणं, कागद लावणं, दोघांना एका टेबलावर आणणं हे त्याचं काम आहे, त्याचा टक्का त्याला शोभतो. माझ्या हातात घर आहे, व्यवहार नाही. म्हणून माझी किंमत घराच्या कामापुरती, ठरलेली, आणि व्यवहार झाला तरी तेवढीच, फिसकटला तरी तेवढीच. निम्मी काम सुरू होताना, निम्मी फोटो हातात पडताना. फोटो हा टप्पा मी मुद्दाम निवडला. तो डोळ्यांना दिसतो, त्यावर वाद होत नाही.

सामानाचा काळही असाच बांधावा लागला. पहिल्यांदा ‘विकेपर्यंत’ असं म्हटलेलं असायचं. एकदा सामान लागलं आणि चार दिवसांनी पितृपक्ष सुरू झाला. पंधरवडाभर कुणी घर पाहायला आलं नाही, एजंटचे फोनही बंद. सर्वपित्री अमावास्या गेली, घट बसले आणि मग दसऱ्यापर्यंत ओळीनं माणसं. तेव्हापासून 45 दिवसांचा वापर बिलात असतो, पुढे प्रत्येक पंधरवड्याला वेगळा दर. आणि पितृपक्षाच्या तोंडावर मी सामान लावतच नाही. घरमालक घाईत असला तरी त्याला थांबवते. त्याचे पंधरा दिवस वाया जाणार हे माहीत असून मीटर सुरू करणं मला पटत नाही. अक्षय तृतीया, दसरा, पाडवा यांच्या तीन-चार आठवडे आधी घर तयार असावं, हे सांगणंही पाहणीच्या फीमध्येच येतं.

एका बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटनं मला कायदा शिकवला. काम मोठं होतं, दर चांगला ठरला होता, आणि पैसे मात्र ‘पुढच्या महिन्यात’ होते. पुढचा महिना येत राहिला. माझ्या सीएनं उद्यम नोंदणी करायला लावली आणि 2006 च्या एमएसएमई कायद्यातली तरतूद समजावली: नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यायचे. 2023-24 या आर्थिक वर्षापासून त्याला आयकराचाही दुजोरा मिळाला. मुदतीत न दिलेला असा खर्च देणाऱ्याला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा धरता येत नाही. आता बिलाच्या वरच्या बाजूला उद्यम क्रमांक आणि देय तारीख दोन्ही ठळक असतात. भांडण करावं लागत नाही. समोरच्या ऑफिसातला अकाउंटंटच मार्च जवळ आला की स्वतःहून विचारतो. हा एक क्रमांक मला कुणी पहिल्या दिवशी सांगितला असता तर बरं झालं असतं, म्हणून इथं मुद्दाम लिहिते आहे.

घरच्यांच्या आणि ओळखीच्यांच्या कामाबद्दल पुष्कळजणी विचारतात. ‘‘ताई, घरचंच काम आहे, थोडं पाहून घ्या’’ हे मला महिन्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. मी पाहते, पण दर तोच ठेवते आणि काम कमी करते. तीन खोल्यांऐवजी बैठक आणि मोठी बेडरूम करू, बाकीच्या खोल्या तुम्ही मोकळ्या करून द्या, मी उभी राहून सांगते. यात कुणाचा मान जात नाही, आणि पुढच्या माणसाला आधीच्याचा आकडा कळला तरी मला डोळे चुकवावे लागत नाहीत. रामदासपेठ लहान आहे. एका स्कीममधला आकडा संध्याकाळी फिरायला निघालेल्या काकूंबरोबर पुढच्या गल्लीत पोचतो.

एका प्रकारच्या कामाचा मात्र माझ्याकडे दरच नाही. एका वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गच्चीची गळती होती, पावसाळ्यात बेडरूमची एक भिंत पूर्ण ओली व्हायची. मालकांना हिवाळ्यात घर विकायचं होतं. त्या भिंतीवर वॉलपेपर लावा, समोर उंच कपाट उभं करा, जास्तीचे काय होतील ते सांगा, असं ते म्हणाले. जास्तीचे म्हणजे त्यांनी खरंच बरेच सांगितले, आणि त्या महिन्यात मला पैशांची गरज होती. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 55 व्या कलमात हे स्पष्ट आहे की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊन दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगायचा असतो. पण मला त्या वेळी कलम आठवलं नाही. मला ते घर घेणारी माणसं दिसली. चंद्रपूरहून, गोंदियाहून, यवतमाळहून लोक आयुष्याची जमा घेऊन नागपुरात घर शोधायला येतात, मुलांच्या शिक्षणासाठी, म्हाताऱ्यांच्या दवाखान्यासाठी. जुलैमध्ये त्या कपाटामागची भिंत त्यांच्या उशाशी ओली झाली असती. मी नाही म्हटलं आणि वॉटरप्रूफिंग करणाऱ्याचा नंबर दिला. ते काम गेलं. अंधाऱ्या खोलीत दिवा लावणं आणि ओल्या भिंतीपुढे कपाट ठेवणं यांत फरक आहे, आणि माझा सगळा व्यवसाय त्या फरकावर उभा आहे. जागा मोठी दिसावी म्हणून मी आरसा लावते, पण तडा झाकायला लावत नाही. हे आता कागदावर शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं आणि पाहणीला गेल्यावर मी ते मोठ्यानं वाचून दाखवते.

हे काम सुरू करू पाहणाऱ्या मुली अधूनमधून भेटायला येतात. बऱ्याचजणींना माझं दरपत्रक हवं असतं. ते मी लपवत नाही, पण त्याआधी त्यांना एक संपूर्ण घर स्वतःच्या वहीत मांडायला सांगते: कोण किती तास काम करणार, टेम्पो किती वेळा, मजला कितवा, सामान किती घरं टिकणार, पैसे कधी येणार, आणि घर विकलंच नाही तर काय. माझे आकडे माझ्या गोदामाचे आणि माझ्या माणसांचे आहेत. सक्करदऱ्याला राहून मामाचा टेम्पो वापरणारीचे आकडे वेगळे निघतील, आणि निघाले पाहिजेत.

यंदा मी दर वाढवले ते हमालांच्या ओळीत. पलंग-कपाटं घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारी माझी माणसं ठिय्यावरून रोजानं यायची. आता त्यातली दोघं वर्षभर माझ्याकडेच आहेत, आणि त्यांची रजा, दुखापत, उन्हाळ्यातले अर्धे दिवस हे सगळं घरमालकाच्या बिलात उघडपणे लिहिलेलं असतं. दोन-तीन जणांनी ती ओळ काढायला सांगितली. मी बैठकीतला एक दिवा कमी करते म्हटलं, ती ओळ ठेवली.